खुंटीवरचा नान

संकल्पाचे एक वैगुण्य प्राज्ञांच्याही चटकन ध्यानी येत नाही. संकल्प केल्याचे समाधान आणि कार्य सिद्धीस गेल्याचे समाधान यांची चव जवळजवळ एकच असते. पहिल्यानेच ज्याचे पोट भरते, त्याला दुसऱ्याची भूक लागत नाही. दीर्घसूत्री माणसास जग आळशी म्हणते. पण कोकंद शहरातल्या आमच्या मोहल्ल्यातला हमराकुल आळशी नव्हता. तो सदैव संकल्पात असे.

शिक्षक होण्यासाठी त्याला एकच निबंध लिहून द्यायचा उरला होता. विषय होता आपल्या मोहल्ल्याचा पाट. निबंध दिला की अंतिम परीक्षा, आणि ती झाली की कोपऱ्यावरच्या शाळेतली राखून ठेवलेली जागा. ज्ञान अपुरे नव्हते. पाण्याच्या पाळीवरून कोणत्या तुतीखाली कोणाचे भांडण झाले, हे तो चहाखान्यात असे सांगे की ऐकणाऱ्यांचा चहा निवून जाई. लिहायला बसला, की मात्र आधी मेज पुसावेसे वाटे, मग किटली घासावीशी, मग पहिले वाक्य नव्याने.

त्याचे अध्यापक नासिर दोमला यांनी वसंतारंभीच्या नवरोजची मुदत तुती पिकेपर्यंत वाढवली. "हमराकुलजान," ते म्हणाले, "पिकल्या तुतीला मात्र मुदतवाढ नसते हं."

त्या दिवशी त्याने टोकाचा उपाय केला. दूरच्या प्रवासाला निघणारा आमच्याकडे घरच्या नानाचा एक घास घेतो; उरलेला नान खुंटीला टांगतात, आणि परतल्यावर तो त्यानेच संपवायचा असतो. हमराकुलने ताज्या नानाचा घास चावला आणि नान आईपुढे धरला.

"ओयी, हा टांग. निबंध देऊन आलो की उरलेला खातो."

सबोहत-ओयी दचकल्या. "अरे, हे वाटसरूचं असतं. घरात बसून कोणी असं करतं का?"

"मीही निघालोच आहे. कागदावरून जायचंय, एवढंच."

"मग जोडे काढून जा. कागद मळेल," त्या म्हणाल्या, पण नान टांगला.

तिथेच घात झाला. वाटेला लागलेल्यास मागून हाक मारणे अशुभ. रोज सकाळी "लिहिलंस का रे?" म्हणून ओरडणारी आई त्या दिवसापासून गप्प झाली. आणि खुंटीकडे पाहिले, की हमराकुलला आपण बरेच अंतर कापल्यासारखे वाटे.

"काय मुसाफिर, कुठवर पोचलास?" चहाखान्यात न्हावी तुर्गुन-आका विचारत.

"दुसऱ्या वाक्याच्या अलीकडे, आका."

"उंटावरून चाललायस वाटतं."

"उंट असता तर पोचलो असतो. पायी आहे मी."

सारे हसत, तोही हसे.

तुती पिकल्या, गळल्या, पाटातून वाहून गेल्या. दोमला स्वतः घरी आले. कागदावर एकच वाक्य होते: 'आमचा पाट जिथे सुरू होतो, तिथवर मी अजून गेलेलो नाही.'

"वाक्य चांगलं आहे," ते म्हणाले. "पुढचं?"

"उद्या, दोमला."

दोमलांनी चष्मा मिटून खिशात ठेवला. परीक्षेस बसणाऱ्यांत त्याचे नाव आले नाही. शाळेतली जागा परगावच्या एका मुलीला मिळाली.

शरदात तो गवंड्यांच्या टोळीबरोबर उत्तरेला निघाला. आईने नवा नान पुढे केला.

"घास घे, बोलाम, माझ्या लेकरा."

"एक टांगलाय ना, ओयी. तोच संपवायला येईन."

त्याने घास घेतला नाही. उत्तरेच्या हिवाळ्यात त्याच्या छातीत थंडी भरली, आणि टोळीच्या माणसांनी त्याला घरी आणले ते मातीला देण्यासाठी. तो नान दुसऱ्याने खायचा नसतो, आणि अन्न टाकवत नाही.

सबोहत-ओयींच्या स्वयंपाकघरात खुंटीला एक वाळलेला नान आहे. त्याला एका घासाची खाच आहे.