आधीचा आकडा, नंतरचा आकडा

अक्काची मुलगी दोन दिवसांची असताना अम्माने ती माझ्या मांडीवर ठेवली आणि खोलीतले सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. मी हसले. अशा वेळी कसं हसायचं ते मला ठाऊक होतं. अक्का उशीला टेकून बसली होती, भावोजी फोटो काढत होते. मुलीची मूठ माझ्या बोटाभोवती आवळली गेली तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं, की हिचं वजन तीन किलोच्या आसपास असावं. दुसरं काही आलं नाही. मी वाट पाहिली. नुकतंच जन्मलेलं मूल हातात घेतल्यावर जे व्हायचं ते जरा उशिरा होईल, असं मला वाटलं. मग ती रडायला लागली, अम्माने तिला घेतलं आणि मी खाली जाऊन स्कूटरची किल्ली शोधत राहिले.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. तंजावूरच्या बाहेर, तिरुच्चीच्या रस्त्यावरच्या एका खासगी कॉलेजात संगणक शिकवायचे. दुःखी होते असं म्हणता येणार नाही. दुःखाला निदान काही चव असते. मला इडली आणि पाव सारखेच लागत होते. वर्गात विद्यार्थी हसले की मी अर्ध्या क्षणाने हसायचे. घरी आले की पलंगावर पडून फोनवर व्हिडिओ बघायचे, आणि एक संपून दुसरा लागला तरी पहिल्यात काय होतं ते आठवायचं नाही. हे कधी सुरू झालं ते मला सांगता येत नाही. कुणी गेलं नव्हतं, कुणी सोडून गेलं नव्हतं.

फोननेच मला उपाय सांगितले. पहाटे पाचला उठा, कोमट पाणी प्या, चाला, रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा. मी तीन आठवडे सगळं मन लावून केलं. मोठ्या देवळाच्या बाहेरच्या हिरवळीभोवती फेऱ्या मारल्या. वहीत लिहिलं, आज ऊन नव्हतं, आज बस वेळेवर आली, आज अम्माने वडा केला. ती वही दुसऱ्या कुणाची तरी असावी अशी वाटायची. तीन आठवड्यांनी मी थकले होते, आणि थकलेय एवढंच कळत होतं.

अक्काला कळलं. ती बाळंतपणासाठी आमच्याकडेच होती. एकदा दुपारी मुलीला पाजताना ती म्हणाली, "तू हिच्याकडे बघतेस तशी खुर्चीकडेही बघतेस. माझ्यावर राग आहे का?"

राग नाही, असं मी म्हणाले. मग बऱ्याच वेळाने मी तिला सांगितलं की मला कशाचंच काही वाटत नाही. ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, कारण तसा ठेवायचा असतो.

आधी तिने मला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासून झालं. त्यांनी एक लहानशी गोळी सुरू केली आणि त्यांच्याच दवाखान्यात आठवड्यातून दोनदा बसणाऱ्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्या बाई पन्नाशीच्या होत्या. माझ्या दुप्पट वयाच्या असून मला 'तुम्ही' म्हणायच्या. टेबलावर पाण्याच्या बाटलीशिवाय काही नव्हतं. मी आधीच केलेल्या सगळ्या गोष्टींची यादी त्यांना सांगितली, पहाटेपासून कोमट पाण्यापर्यंत. त्यांनी विचारलं, पूर्वी कधी तुम्हाला पहाटे उठायला आवडायचं का. नाही, मी म्हणाले, शाळेतही अम्मा मला ओढून काढायची.

"मग ते सोडा," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचं औषध तुम्ही घेत होता."

त्यांनी मला रेघा मारलेले कागद दिले. दिवसभरात जे जे करीन ते लिहायचं. करण्याआधी एक आकडा लिहायचा, यात किती बरं वाटेल असं वाटतं, शून्य ते दहा. केल्यानंतर दुसरा, खरंच किती वाटलं. त्यांना चांगले आकडे नको होते, खरे हवे होते. तिसऱ्या रकान्यात काय वाटलं त्याचा एखादा शब्द. तिथे मी अडले. तमिळ आणि इंग्रजी शब्द हाताशी होते, पण ते सगळे तयार कपड्यांसारखे होते, आत मी असो वा नसो. पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेले आम्ही घरी जी जुनी मराठी बोलतो ती मला लिहिता येत नव्हती. आमच्या घरात अप्पांनाच तेवढी अक्षरं येतात. मी आमचे शब्द तमिळ अक्षरांत लिहू लागले. देवनागरी मी नंतर शिकले, अप्पांकडूनच.

पहिल्या दोन आठवड्यांचे कागद म्हणजे शून्यांची रांग होती. दात घासणं शून्य-शून्य. वर्ग शून्य-शून्य. फोन एक-शून्य. ते बाईंसमोर ठेवताना मला लाजही वाटली नाही.

याच सुमारास अम्माने ठरवलं की मला संगीताने बरं वाटेल. लहानपणी मी सहा वर्षं तिरुवैयारूला व्हायोलिन शिकायला जात होते, आणि माझ्या बोटांबद्दल लोक अम्माशी चांगलं बोलायचे. ती स्वतः जाऊन माझ्या जुन्या गुरूंशी बोलून आली. मी महिनाभर दर रविवारी गेले. गुरू खूप मऊपणाने वागले. कावेरीच्या बाजूची खिडकी तशीच होती, सतरंजीही तीच असावी. सूर बरोबर लागत होते, गुरू मान डोलवत होते, आणि मला वाटत होतं की मी कुणाच्या तरी सामानाची राखण करतेय. चार रविवार, चार शून्यं. आधीच्या रकान्यात मी पहिल्या दिवशी पाच लिहिलं होतं. तेवढी आशा मला होती, हे मला तो कागद पाहून कळलं.

बाईंनी ते वाचलं आणि सरळ म्हणाल्या, की व्हायोलिन काढून टाकू. आवडायला हव्यात अशा गोष्टी सध्या नकोत. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा अम्मा स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी लावत राहिली. रात्रीच्या जेवणाला तिने मला वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मग बाईंनी सगळे कागद टेबलावर पसरले आणि पेन्सिलीने दोन जागी गोल केला. एका बुधवारी नंतरच्या रकान्यात दोन होते. आधी शून्य, नंतर दोन. आणि एका सकाळी एक होता, मी तव्याशी उभी राहून अम्माच्या हातची डोसई खाल्ली होती तेव्हा. त्यांनी बुधवारबद्दल विचारलं.

सांगण्यासारखं फारसं नव्हतं. अप्पा सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून दर बुधवारी ओरत्तनाडूला एका मित्राकडे जातात. त्या मित्रांचे डोळे काचबिंदूने गेलेत. अप्पा त्यांना पेपर वाचून दाखवतात. त्या दिवशी अप्पांची बस चुकली, कॉलेजला सुट्टी होती, म्हणून मी त्यांना स्कूटरवरून नेऊन आणलं. वाटेत आम्ही बोललो नाही.

"कुणी काही विचारलं तुम्हाला? कसं वाटतंय वगैरे?"

"नाही."

"एकट्या नव्हता, आणि कुणी तुमच्याकडे बघत नव्हतं," त्या म्हणाल्या. "डोसईच्या वेळीही अम्मा तव्याकडे बघत होत्या."

असं ते ठरलं. माझ्यासाठी फक्त तीन बदल. सकाळी साडेसातपर्यंत झोपायचं. एक वेळचं जेवण स्वयंपाकघरात उभ्यानेच, फोन बाहेरच्या खोलीत ठेवून. आणि दर बुधवारी अप्पांना ओरत्तनाडूला न्यायचं. कॉलेजात मी बुधवारचे तास बदलून घेतले. आणि एक गोष्ट त्यांनी पक्की बजावली. आधीच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. शून्य आलं तरी निघायचं.

दर बुधवारी शून्य यायचं. हेल्मेट घालताना हात जड व्हायचे. तरी मी निघायचे.

अप्पांच्या मित्रांना मी मामा म्हणते. तेही आमच्यासारखेच, घरात जुनी मराठी आणि बाहेर तमिळ. त्यांचं घर पट्टुकोट्टैच्या मोठ्या रस्त्यालाच लागून आहे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी बसस्टँडवर वेळनोंदणीचं काम केलं, कुठली बस किती वाजता आली आणि किती वाजता सुटली. आता ते बाहेरच्या ओट्यावर बसून आवाजावरून बस ओळखतात. हातात बटण दाबलं की वेळ बोलून दाखवणारं घड्याळ आहे. ते प्रेमळ नाहीत. कॉफी निवली म्हणून सुनेला बोलतात, अप्पा भराभर वाचतात म्हणून अप्पांना. मला काय झालंय हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. मला त्यांनी एकच काम दिलं. ते बस ओळखणार, मी पाटी वाचून बरोबर की चूक ते सांगणार.

पाच-सहा बुधवार मी पाट्या वाचल्या. कधी एक, कधी दोन. रस्त्यापलीकडे शेतात लावणी झाली, मग पिकाचा रंग बदलत गेला, आणि तो मला दिसत होता एवढंच. मामांच्या सुनेशी माझं थोडं बोलणं होऊ लागलं. ती ओट्यावर शेंगा निवडायची, मीही निवडायचे.

मग एका बुधवारी एक बस रस्त्यापलीकडच्या थांब्यावर येऊन उभी राहिली. मामा म्हणाले, पेरावुरणी. मी पाटी वाचली, पट्टुकोट्टै.

"नीट बघ की," ते म्हणाले.

नीटच बघितलंय, मी म्हणाले. ते म्हणाले, एकतीस वर्षं या गाड्या ऐकल्यात, हे इंजिन पेरावुरणीच्या गाडीचं आहे, आजकालच्या मुलींना समोरची पाटीही वाचता येत नाही, आणि म्हणे कॉलेजात शिकवते. अप्पा पेपरातून वर बघायला लागले. माझे कान गरम झाले. मी ओट्यावरून उठले, चपला न घालताच रस्ता ओलांडला आणि कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला पट्टुकोट्टै, बसा लवकर. मी त्याला म्हणाले, जरा मोठ्याने सांगा, त्या पलीकडच्या आजोबांना ऐकू जाऊ दे. त्याने माझ्याकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं आणि तोंडाला हात लावून ओरडला.

मी परत आले तेव्हा तळपाय भाजत होते. मामांनी घड्याळाचं बटण दाबून वेळ ऐकली. मग म्हणाले, "डेपोने इंजिन बदललं असेल. मला कळवलं नाही."

मला हसू आलं. ते आधी ठरवून आलेलं नव्हतं. इतकं आलं की मामांची सून आतून बाहेर आली. अप्पा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, आणि मी त्यांच्याकडे बघताच त्यांनी पेपर वर धरला. परतीच्या वाटेवर मागे बसलेल्या अप्पांचा हात माझ्या खांद्यावर होता. एरवी ते मागची दांडी धरतात.

बाईंना मी जरा खजील होऊनच सांगितलं की हसू नंतर आलं, पहिल्यांदा आला तो राग. म्हाताऱ्या आंधळ्या माणसाचा राग. त्या म्हणाल्या, तो मोजा. कागदावर त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून त्यांनी पेन्सिलीने एक रेघ जास्तीची मारून दिली.

त्यानंतर सगळं बदललं असं झालं नाही. पुढचे दोन बुधवार पुन्हा शून्य. एकदा तर मी कपडे करून खुर्चीवर बसूनच राहिले. अप्पा दाराशी उभे होते. वीस मिनिटांनी आम्ही निघालो. पण रागाची वाट मोकळी झाली होती. घरात मी अक्काशी पंख्यावरून भांडले. तिने मुलीची ओली दुपटी माझ्या पुस्तकांवर वाळत टाकली म्हणून मी ओरडले. अक्का माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ओरड, अजून ओरड." त्याच आठवड्यात कधीतरी मी मुलीचं डोकं हुंगलं. तेल आणि दूध यांचा वास होता. वास आला, म्हणजे तो मला आला. मी तो पुन्हा घेतला.

यालाही आता वर्ष होऊन गेलं. अक्का मुलीला घेऊन तिच्या घरी गेली. गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी केली आहे, अजून बंद केलेली नाही. बाईंकडे मी दोन महिन्यांनी एकदा जाते. काही आठवडे अजूनही काचेआडचे जातात. तेव्हा मी घाबरते, आणि घाबरता येतं हेही लक्षात येतं. व्हायोलिन कपाटावर आहे. अम्माने त्यावर स्वच्छ कापड घातलंय आणि त्याचं नाव काढत नाही. मामांची तब्येत बिघडल्यामुळे आता त्यांच्याकडे बाहेर बसणं कमी झालं. अप्पा आत खाटेशी बसून वाचतात आणि मी मामांच्या सुनेबरोबर स्वयंपाकघरात असते.

गेल्या महिन्यात कॉलेजातून परत येताना जुन्या बसस्टँडजवळ सिग्नलला थांबले होते. दुपारचे तीन वाजले असतील. कडेला एक बाई गाडीवर पेरू कापत होती, चार फोडी करून मध्ये मीठ आणि लाल तिखट भरत होती. दिवा हिरवा झाला, मागचे भोंगे वाजवायला लागले. मी पुढे गेले, पण चौकातून वळून परत आले. भूक नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं. मला तो पेरू खायचा होता. मी स्कूटर भिंतीला लावली, बाईला म्हटलं तिखट जास्त घाला, आणि तिथेच उभी राहून खाल्ला. फार पिकलेला होता, बिया दातांत अडकल्या. मी अजून एक घेतला.