बंद मॅडमचं स्टूल

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात एखादं औषध बंद झालं, की आमच्या मोठ्या डॉक्टर ॲप्रनच्या खिशातून लिमलेटची गोळी काढून त्या बाळाच्या सिस्टरच्या हातावर ठेवायच्या. औषध सुरू केल्याबद्दल त्यांनी कुणाला साधं शाब्बास म्हटल्याचं मला आठवत नाही. उलव्यातल्या आमच्या हॉस्पिटलात सगळे त्यांना बंद मॅडमच म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि, माझा तरी संशय आहे, आवडतही होतं.

सकाळच्या राउंडला त्या प्रत्येक बाळाच्या काचपेटीशी थांबायच्या आणि एकेका औषधाचं नाव घेऊन आम्हा सिस्टरांना विचारायच्या.

"सुनीता, हे आज कशाला?"

"काल चालू होतं, मॅडम."

"लंगोट पण कालचाच ठेवलायस का?"

सगळे हसायचे, मी सोडून. मग मी घरून निघतानाच उत्तरं घोकत यायला लागले.

एकदा आमच्या नव्या डॉक्टरनं दूध ओकणाऱ्या बाळाला ॲसिडिटीचं औषध लिहिलं. बाळाचं वजन छान वाढत होतं, स्वारी मजेत हातपाय झाडत होती. मॅडमनी डॉक्टरच्या हातात एक मऊ फडकं ठेवलं. "बाळं ओकतात रे. पुसायला हे घे." बिचारा दिवसभर फडकं खांद्यावर टाकून हिंडला.

औषधांशी त्यांचं वैर होतं असं मात्र नाही. खरंच आजारी असलेल्या बाळाचं इंजेक्शन जरा लांबलं, तरी त्यांचा आवाज लिफ्टपर्यंत ऐकू जायचा.

जासईची एक पोर वेळेच्या बरीच आधी जन्मली. जंतुसंसर्गाची शंका होती म्हणून अँटिबायोटिक सुरू केलं होतं. रक्ताच्या तपासणीत जंतू निघाले नाहीत, पोरही तरतरीत होती, दूध पचवत होती. मॅडमनी अँटिबायोटिक थांबवलं. मी हातावर आलेली लिमलेटची गोळी तोंडात टाकली आणि बाहेर जाऊन आनंदानं घरच्यांना बातमी दिली. तिची आजी मटकन खालीच बसली. त्यांच्या घरात औषध बंद झालं होतं ते एकदाच, आजोबांना घरी न्या म्हणून सांगितलं तेव्हा. थोड्याच वेळात जासईहून टेम्पो भरून नातेवाईक आले, पोरीचं तोंड शेवटचं बघायला.

"आमचे पोरीची आशा सोरली क तुमी?" आजीनं मॅडमना विचारलं.

मॅडमनी व्याख्यान दिलं नाही. आजीला हात धुवायला लावून आत आणलं, पोरीला आईच्या उघड्या छातीवर निजवलं आणि निळं प्लॅस्टिकचं स्टूल ओढून समोर बसल्या.

"आजी, औषध बंद केलंय. लक्ष नाही बंद केलं."

दुपार कलली तरी त्या हलल्या नाहीत. त्यांची नजर पोरीच्या श्वासावर होती. मी हळूच विचारलं, "मॅडम, भीती वाटते?"

"वाटते की. म्हणून तर बसलेय. भीती माझी, मग औषध तिला कशाला?"

संध्याकाळी पोरीनं भुकेनं असं भोकाड पसरलं की आजी पदरात तोंड लपवून हसायला लागली. "आता जासईला ऐकू जाल गो!" शेवटचं बघायला आलेली मंडळी गेटवर वडापाव खाऊन घरी गेली.

मॅडम निवृत्त होऊन रत्नागिरीला गेल्या. जाताना लिमलेटच्या गोळ्यांची बरणी माझ्या हवाली केली. त्यांची आठवण येते, फार येते.

परवा आमच्या फडकंवाल्या डॉक्टरनं, आता तोच मोठा डॉक्टर आहे, एका बाळाचं अँटिबायोटिक बंद केलं. बाळाच्या आईचा चेहरा उतरला. "सिस्टर, बंद का केलं?"

मी सगळं नीट सांगितलं तिला. पण आधी निळं स्टूल ओढलं आणि तिच्याजवळ बसले.