कानामागचा विडा

प्रतिज्ञा करणारे विडा उचलतात. आमच्या शेजारच्या अण्णांनी तो कानामागे खोचला. कोरा, चुना न लावलेला. "ती तुटक्या कानाची डुकरीण कुंपणात येईपर्यंत पान नाही," म्हणाले. स्वतःचा पानमळा असलेल्या माणसाने, तेही कुंभकोणमात, पान सोडायचं म्हणजे उपासापेक्षा कठीण.

मोकाट डुकरांची तिची टोळी गांडुळांसाठी ओले वाफे उकरी, वेलींची मुळंही वर येत. निम्मा मळा गेला होता. उरलेला गेला तर तिरुप्पनंदाळला मुलीकडे जाऊन बसायचं, हे अण्णांना मरणाहून नको होतं.

त्यांनी जाळीचं कुंपण घातलं आणि दार उघडं ठेवून रोज आमिष टाकू लागले. उन्हाळ्यात पिकून फुटलेले फणस. शेतात भात उभं राहिलं की ताकात आंबवलेला तांदूळ. कापणीनंतर दाणा जागोजागी सांडलेला, तेव्हा गूळ घातलेली शेंगदाण्याची पेंड.

"आधी पाहुणचार, मग दार. सगळी आल्याशिवाय दोरी ओढायची नाही, तंबी."

तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मराठीत काय, ते तुम्ही जाणता. आम्ही तंजावरी मराठे, त्यामुळे अण्णांच्या तोंडी दोन्ही अर्थ असत.

आता माझा पराक्रम. फणसाच्या दिवसांत अण्णा तापाने पडले, आमिष माझ्याकडे आलं. "पानाला ती सरावलीत. चुना-तंबाखूने माणूस कळतो," त्यांनी बजावलं. मी नुसती मान डोलावली. तोंड भरलेलं होतं.

डुकरीण दारापर्यंत आली, हुंगून फिरली, ती महिनाभर दिसली नाही.

"वारा उलटा होता, अण्णा."

ते कुंपणाशी वाकले. जमिनीवर लाल पिंक होती. "वारा पान खातो काय रे, तंबी?"

त्या दिवशी मीही पान सोडलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. थेट कापणीनंतर एका सकाळी ती सगळी टोळी घेऊन आत शिरली, पेंडीत तोंड घातलं. अण्णांनी दोरी ओढली. डुकरं पकडणाऱ्यांची गाडी टोळीला घेऊन गेल्यावर त्यांनी मळ्यातलं पान खुडलं, विडा लावला आणि पहिला मला दिला.

"घे. तुझं व्रत जास्त कठीण होतं."

मळा वाचला. अण्णा त्याच मळ्यात, वेलींना पाणी देताना गेले. तिरुप्पनंदाळला जावं लागलं नाही.

आता दुसरी टोळी आलीय. आमिष मी टाकतो, विडा कानामागे. कुंपणाशी पोचेपर्यंत हात तीनदा कानाकडे जातो, आणि मी मागे वळून बघतो. तंबी म्हणणारं कुणी नाही, देणारंही नाही.

हात तसाच खाली घेतो.