म्हशीच्या वाट्याचं तेल

दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी कोल्हारच्या आमच्या मळ्यात गवती चहाचं तेल काढलं आणि ते म्हशीच्या अंगाला लागलं. आज हे हसत सांगते, पण तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं.

बी.एस्सी.चं पहिलं वर्ष पास होताच माझं लग्न लावून सगळे मोकळे झाले. मला नगरला राहून पुढचं शिकायचं होतं. नवरा म्हणाला, "आईला विचार." सासरे म्हणाले, "तुझ्या सासूला विचार." घरात पुरुष दोन, उत्तर एकच.

सासूबाई बांधावर गवती चहा कापत होत्या. मी धीर करून म्हटलं, की या पातीत तेल असतं, ते वाफेवर काढता येतं, असलंच सगळं मला नगरला शिकायचंय. त्यांनी पात पिळून पाहिली.

"यात त्याल? कोरडी ठक्क हाय की. काढून दाव. निघालं तर जा नगरला. न्हाई निघालं तर पुन्हा शाळेचं नाव काढायचं न्हाई."

लगेच अटी आल्या. हंड्याला भोक पाडायचं नाही आणि पीठ नासायचं नाही. मी हंड्यात थोडं पाणी ओतलं, त्यावर चाळण आणि चाळणीवर चिरलेली पात ठेवली. तोंडावर मडकं उपडं घातलं आणि त्याच्या बुडाला भोक पाडून विहिरीवरच्या इंजिनाची जुनी तांब्याची नळी बसवली. नळीची वेटोळी गार पाण्याच्या घमेल्यातून नेऊन टोक गडूत सोडलं. राहिल्या फटी. त्यातून वाफ गेली तर तेलही जाणार, म्हणून त्या कणकेने लिंपाव्या लागतात. सासूबाईंनी मूठभर कणीक दिली आणि दिवसभर तिच्याकडे अशा बघत राहिल्या, की जणू मी लग्नातला दागिनाच चुलीत घातला होता.

मळ्यात हातभट्टी लागल्याची बातमी पसरली. शेजारचे दोघे सासऱ्यांची तब्येत विचारायला आले आणि नळीकडे तोंड करून बसले. मी त्यांना वाटीभर पाणी चाखायला दिलं, तेव्हा उठले.

चार वेळा पात बदलली. दिवस कलताना गडूतल्या पाण्यावर पिवळसर तेल तरंगत होतं. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. साक्षीला म्हणून मी सासऱ्यांना विहिरीवरून बोलावून आणलं. येऊन बघते, तर गडूत नितळ पाणी.

"वर तवंग आल्ता," सासूबाई म्हणाल्या, "म्या काढून टाकला. खालचं निवळ ठिवलंय बग."

त्यांचं आयुष्य गुऱ्हाळात उकळत्या रसावरची मळी काढण्यात गेलं होतं. वर येईल ते काढायचं, खाली राहील ते आपलं. मी कपाळावर हात मारला. "अहो, तेच तेल होतं! कुठे टाकलं?"

"चिंधीनं टिपलं. तेलकट चिंधी वाया कशाला, म्हनून म्हशीच्या पाठीला चोळली."

"तेलकट होती ना? मग तेलच ते!"

"तेलकट म्हंजी त्याल न्हवं. माजा हातबी तेलकट हाय."

सासऱ्यांनी गडूत वाकून पाहिलं आणि साक्ष दिली, "पानी हाय." माझं नगर म्हशीच्या पाठीवर गेलं होतं. मी गोठ्यामागे जाऊन रडले.

ती म्हैस माश्यांपायी रोज लाथा झाडायची. धार काढताना एकाने तिला धरावंच लागे. त्या संध्याकाळी ती गप्प उभी राहिली. सासूबाईंनी चरवी भरली, इकडे तिकडे पाहिलं, म्हशीच्या पाठीचा वास घेतला.

"माश्या न्हाईत," त्या म्हणाल्या. "निघालं म्हनायचं त्याल."

मी उडीच मारणार होते.

"मग आता नगरला काय शिकायचं ऱ्हायलं? सगळं येतंय की तुला. रोज काढ."

माझं डोकं फिरलं. "मी नाही काढणार," म्हटलं. "तुम्हालाच शिकवते, मग मी जाते."

चार दिवस शिकवलं. हंडा, नळी सगळं त्यांना पहिल्याच दिवशी जमलं. वरचं ठेवायचं, खालचं टाकायचं, एवढंच जमेना. तवंग दिसला की त्यांचा हात चिंधीकडे जायचा आणि मी तो धरायची. चौथ्या दिवशी त्यांनी पळीने वरचं तेल अलगद उचललं, बाटलीत सोडलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "जा आता."

एस.टी.च्या थांब्यावर त्यांनी माझ्या हातात एक बाटली ठेवली. मला वाटलं, तेल.

"त्याल म्हशीला लागतंय," त्या म्हणाल्या. "तुला निवळ आनलंय. त्यालाबी वास हाय."

गाडी सुटल्यावर मी बाटली नीट पाहिली. पाणी सांडू नये म्हणून त्यांनी बुचाभोवती जाड कणीक लिंपली होती.