आतोबा आणि तिसरं कडवं

जगात जे जे चुकीचं लिहिलं जातं, चुकीचं म्हटलं जातं किंवा भलत्याच पत्त्यावर धाडलं जातं, ते दुरुस्त करण्यासाठीच देवाने आपल्याला झाशीत जन्माला घातलं आहे, अशी माझ्या आतोबांची प्रामाणिक समजूत होती. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या अमलात कुठल्याशा कचेरीत कारकून म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. पुढे अंमल गेला, कचेरी गेली, कारकुनी तेवढी घराण्यात टिकली आणि ती आतोबांच्या रूपाने रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जाऊन बसली. त्यांच्या खिशात कायम एक लाल पेन्सिल असे. घरी लग्नाची पत्रिका आली की तिच्यातल्या चुका दुरुस्त करून ते ती यजमानांना परत पाठवत, आणि शिवाय लग्नालाही जात. ओरछा गेटजवळच्या हलवायाने त्यांच्या धाकाने पाटी तीनदा रंगवून घेतली होती. सत्यनारायणाच्या कथेत गुरुजींनी एकदा साधुवाण्याच्या मुलीचं लग्न एक अध्याय आधीच लावून टाकलं, तेव्हा हात जोडून बसलेल्या आतोबांनी त्यांना थांबवलं आणि कथा मागे न्यायला लावली. त्यानंतर आमच्या घरचं निमंत्रण आलं की गुरुजी आधी विचारत, "बाबूजींची त्या दिवशी ड्यूटी आहे ना?"

त्यांचा दुसरा छंद म्हणजे कुलपावरचा अविश्वास. सायकलला स्वतःच्या हाताने लावलेलं कुलूप खरोखर लागलं आहे, हे त्यांना तीन वेळा ओढून पाहिल्याशिवाय पटत नसे. सिनेमाला गेले की अर्ध्या तासाने ते रांगेतल्या सगळ्यांचे गुडघे ओलांडत सायकल स्टँडवर जाऊन येत. आत्या म्हणायची की लग्न झाल्यापासून आपण एकही पिक्चर यांच्या शेजारी बसून पूर्ण पाहिलेलं नाही, मध्येमध्ये नुसत्या खुर्चीशेजारी बसून पाहिलं आहे.

पुढचं सगळं रामायण या सायकलीमुळेच घडलं. त्यांचं लग्न नवीन असताना सदर बाजारात एक पिक्चर लागलं होतं. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण त्यात ज्यांनी काम केलं होतं त्यांचा या भानगडीत काही दोष नाही. त्यात नायिकेचं एक गाणं होतं. दोन कडवी झाली आणि आतोबांना कुलूप आठवलं. ते बाहेर जाऊन परत आले तोवर नायिका रडत होती आणि गाणं संपलं होतं. आत्याला ते गाणं इतकं आवडलं की पुढे कितीतरी वर्षं पोळ्या लाटताना ती तेच गुणगुणायची. तिचा गळा साधाच होता, पण सुरात होता. शब्द तिला धड आठवत नसत, चाल मात्र पक्की होती.

मी फ्रॉक घालत होते तेव्हाची गोष्ट. आतोबांनी त्या गाण्याची रेकॉर्ड मिळवली, ग्रामोफोन मागून आणला आणि आपल्या प्रेम नगर वस्तीतली चार घरं चहाला बोलावली. रेकॉर्ड वाजली, सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्या चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अजून एक कडवं आहे ना पुढे? तबला थांबतो आणि ती एकटीच म्हणते, ते." आतोबांनी सुई पुन्हा ठेवली, मनगटावरचं घड्याळ सगळ्यांना दाखवलं आणि रेकॉर्ड तीन मिनिटांत संपते हे सिद्ध केलं. आत्याने बिचारीने ती ओळ म्हणून दाखवायला सुरुवात केली. आतोबांनी तिला मध्येच तोडलं. "रेकॉर्डमध्ये नाही म्हणजे नाही. तुला थिएटरात झोप लागली असेल, स्वप्नात ऐकलं असशील." पोस्टातले मिश्राजी मोठ्याने हसले, मग सगळेच हसले. मीही हसले, ते आठवलं की अजून मला स्वतःचा राग येतो. आत्या ट्रे ठेवून आत गेली, आणि त्या दिवसापासून तिचं गुणगुणणं बंद झालं.

आतोबांना हे कळायला महिना लागला. पोळ्या होत होत्या, लाटणं वाजत होतं आणि बाकी काहीच ऐकू येत नव्हतं. त्याच सुमारास सिनेमाच्या पेट्यांबरोबर फिरणारा एक माणूस पार्सल ऑफिसात बसला असता आतोबांनी सहज विषय काढला. तो म्हणाला, "बाबूजी, रिकॉर्ड में तो जितना समाता है उतना ही लेते हैं. पिक्चर में पूरा रहता है." जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाच्या हातून चूक झाली होती, ती चारचौघांत झाली होती आणि ती बायकोच्या बाबतीत झाली होती. दुसरा कोणी असता तर घरी जाऊन "अगं, चुकलो" म्हणून मोकळा झाला असता. आतोबांना तोंडी कारभार मान्य नव्हता, त्यांना पुरावा हवा होता.

त्या काळी पिक्चरची रिळं पत्र्याच्या पेट्यांतून रेल्वेनेच गावोगाव जात, आणि झाशी जंक्शन असल्यामुळे बहुतेक पेट्या आतोबांच्या डोळ्यांखालून जात. त्यांनी प्रत्येक पेटीवरचं लेबल वाचायला सुरुवात केली. ती पेटी दिसली की ती ज्या गावाला निघाली असेल त्या गावाला येत्या सुट्टीला आतोबा हजर. ललितपूरला रीळ नेमकं तिथेच तुटलेलं निघालं. ऑपरेटर म्हणाला, "इतै सें कट गई, बाबूजी," आणि आतोबांना ते जोडलेलं ठिकाण दाखवून चहा पाजला. मऊरानीपूरला एक खेळ जास्त बसावा म्हणून सगळीच गाणी कापलेली होती आणि तिथले लोक ते पिक्चर रहस्यपट समजून पाहत होते. दतियात प्रेक्षकच नायिकेबरोबर इतक्या जोरात गात होते की आतोबांनी उभं राहून सगळ्यांना शांत राहण्याची विनंती केली, आणि सगळ्या थिएटरने मिळून त्यांना खाली बसवलं. उरईला तर रिळं उलटसुलट लागली होती, मध्यंतराआधी वारलेली नायिका मध्यंतरानंतर झोपाळ्यावर बसून हसत होती. हे सहन होणं शक्यच नव्हतं. आतोबा तडक ऑपरेटरच्या खोलीत गेले आणि रिळांचा क्रम लावून देऊन परत आले, तोवर गाणं होऊन गेलं होतं.

घरी ते फक्त "ड्यूटी आहे" एवढंच सांगत. आत्या पुऱ्या आणि सुक्या बटाट्याची भाजी डब्यात भरून देई, कुठे जाता म्हणून विचारत नसे. रविवारी आम्ही गेलो की ती एकटीच गहू निवडत बसलेली दिसे. ललितपूरच्या गाडीत आतोबांना चढताना पाहिल्यापासून माझ्या आईला तर तिकडे त्यांची कोणीतरी आहे असा पक्का संशय होता आणि तो तिने आत्याला बोलूनही दाखवला होता. तरीही आत्या डबा भरून देतच राहिली. अशी पंधरा-सोळा वर्षं गेली.

मग मी कॉलेजात असताना बबीन्याच्या लष्करी छावणीतले एक सुभेदार पार्सल ऑफिसात आले. साताऱ्याकडचे होते, त्यांची हरवलेली ट्रंक आतोबांनी शोधून दिली होती. बोलता बोलता ते म्हणाले की येत्या रविवारी दुपारी छावणीच्या हॉलमध्ये फॅमिलीसाठी पिक्चर आहे, आणि नाव तेच निघालं. आतोबांनी गाणी पूर्ण असतात का विचारलं. सुभेदार म्हणाले, "काका, आमच्यात गाणं कापायची कुणाची छाती आहे? जवान पडदा फाडतील."

आतोबांनी आत्याला तयार व्हायला सांगितलं, आणि मग प्रेम नगरात घरोघरी फिरून त्या दिवशी हसलेली सगळी मंडळी गोळा केली. दोघंजण देवाघरी गेले होते, त्यांच्याऐवजी त्यांचे मुलगे घेतले. कारण कोणालाच सांगितलं नाही. आम्ही अकराजण डबे घेऊन बसने बबीन्याला निघालो. रिटायर व्हायला आलेला हा माणूस एकाएकी असा उदार का झाला, यावर मिश्राजींचे वाटेत तीन वेगवेगळे तर्क झाले.

हॉलमध्ये जवान, त्यांच्या बायका, पोरं अशी दाटी होती. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि तबला थांबला. पडद्यावरची नायिका खिडकीशी जाऊन एकटीच गाऊ लागली. आतोबा उठून उभे राहिले. मागून कोणीतरी "बैठ जाओ, भैया" म्हणालं, पण ते बसले नाहीत. त्यांनी आमच्या रांगेकडे तोंड केलं आणि पार्सलचा पुकारा करावा तशा आवाजात म्हणाले, "ऐकलंत ना सगळ्यांनी? हिचं बरोबर होतं. मी चुकलो होतो."

मिश्राजींना काही आठवेना. आईने मात्र मान खाली घातली. आत्या पडद्याकडे पाहायची थांबून आतोबांकडे पाहत राहिली. कडवं संपल्यावर ते शेजारी बसले, तेव्हा तिने हळूच विचारलं, "इतकी वर्षं सुट्टीला जात होता, ते यासाठी?"

आतोबांनी होकाराची मान हलवली.

"अहो, मला विचारलं असतं तर मीच गाऊन दाखवलं असतं की."

आतोबांनी खिशातली लाल पेन्सिल काढली आणि परत ठेवली. ते इतके कावरेबावरे झाले की मला त्यांची फार दया आली, आणि आत्याची त्याहून जास्त. सोळा वर्षांचे रविवार परत कुठून आणायचे?

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या मागच्या बाकावर होते. बबीना मागे पडल्यावर आतोबा घसा खाकरून म्हणाले, "मग म्हण ना आता." आत्याने आधी आढेवेढे घेतले, लोक आहेत म्हणाली, आवाज राहिला नाही म्हणाली. मग खिडकीकडे तोंड करून तिने ते तिसरं कडवं म्हटलं. आवाज खरंच राहिला नव्हता. वरचा सूर लागेना म्हणून ती मध्येच थांबली, श्वास घेतला आणि खालच्या सुरात पुढे गेली. आताच पिक्चरमध्ये ऐकलेल्या चालीपेक्षा ती जरा वेगळं म्हणत होती, ते माझ्याही कानाला कळलं. आतोबांनी ते दुरुस्त केलं नाही.

आता दोघंही नाहीत. ते गाणं आजकाल मोबाइलवर पूर्ण मिळतं, तिन्ही कडव्यांसकट, शोधायला अर्धं मिनिटही लागत नाही. मी एकदा लावलं होतं. गायिका मोठी होती, तिसरं कडवं तिने एका दमात, अगदी सहज म्हटलं आहे. आत्या जिथे श्वासाला थांबली होती तिथे ती थांबत नाही, म्हणून मग मी ते पुन्हा लावलं नाही.