कुलुपातला रांजण

आमची पोरगी नववीत गेली तरी वर्गात तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. नाव पुकारलं की उभी राहायची, ओठ हलायचे, शब्द मात्र आतल्या आत. प्रत्येक पालकसभेत तेच, ‘‘हुशार आहे हो, पण तोंड उघडत नाही.’’ मी समजावून थकले, रागावून थकले.

मग एप्रिलमध्ये शाळेनं समाजसेवा म्हणून कन्हानच्या बसस्टॉपवर प्याऊ लावला. मोठा रांजण, त्याला ओलं लाल फडकं, वर ताडपत्रीची सावली. सकाळची शाळा सुटली की मुलांनी आळीपाळीनं थांबायचं अन् येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायचं. हिच्या पाळीच्या दिवशी मी भाजीला निघाले होते, ती रस्त्यातच थबकले. आमचं मुकं ध्यान चक्क ओरडून राहिलं होतं, ‘‘ओ काका, थंड पाणी पिऊन जा न! मावशी, सावलीत बसा जराशा!’’

एका म्हातारीनं पाणी पिऊन तिच्या गालावर ओला हात फिरवला. ‘‘कोनाची वं तू? लय गोड बोलतं पोरी.’’ मला तिथंच रडू आलं. त्यानंतर बाकीच्या मुलांच्या पाळ्याही हीच मागून घेऊ लागली. घरी आली की काय काय सांगायची, थांबायलाच तयार नाही!

आठवडाभरानं ती घरी आली ती पुन्हा गप्प. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, ‘‘सरांनी शिपाई पाठवून रांजण नेला.’’

‘‘काहून?’’

‘‘फुटंल म्हणे.’’

माझं डोकंच फिरलं. बाहेर ऊन भाजून काढतंय, अन् यांना रांजणाची काळजी! तशीच तिला घेऊन शाळेत गेले. सर शांतपणे म्हणाले, ‘‘अहो मॅडम, उद्घाटन झालं, फोटो झाले, पेपरात बातमीपण आली. आता परीक्षा तोंडावर आहे. अन् रांजण फुटला तर पुढच्या वर्षी उद्घाटन कशाचं करायचं?’’

रांजण किती नीट ठेवलाय ते बघा म्हणत त्यांनी एक खोली उघडून दाखवली. रांजण कोपऱ्यात कोरडाठाक, गळ्यात उद्घाटनाचा सुकलेला हार. शेजारी लेझीम, ढोल, कॅरम, व्हॉलीबॉलची जाळी. सगळं जपून ठेवलेलं! मुलांनी हात लावला तर खराब होईल ना! अन् उद्या हेच परीक्षेच्या पेपरात विचारणार, ‘समाजसेवेचे महत्त्व’ यावर निबंध लिहा. लाज कशी वाटत नाही यांना? माझ्या लेकराचा आवाज या लोकांनी ढोल-लेझमासोबत कोंडून टाकला होता.

मी सरांना चांगलं खडसावणार, इतक्यात माझ्या मागून आवाज आला.

‘‘सर, रांजण मला द्या. मी रोज भरीन.’’

सर दचकले. ‘‘अरे वा, ही बोलते?’’

‘‘मी तिथं रोज बोलत होते सर,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही उद्घाटनानंतर आलेच नाही.’’

कुलूप लावायला काढलेली किल्ली सरांच्या हातात तशीच राहिली. आम्ही मायलेकींनी रांजण उचलला.