बिस्किटच्या गळ्यातला हार

हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. वृंदाला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही. या फोरमवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं नुसते वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना मनातल्या मनात हसतो. चिप बनवणाऱ्या प्लँटमध्ये बिघाडाचं कारण शोधणं हेच माझं काम. कारण नाही असा बिघाड नसतो, असं मी नव्या पोरांना शिकवतो. आणि तरीही...

२००३ साल. आम्ही तेव्हा अ‍ॅरिझोनात, चँडलरला होतो. घरापासून दक्षिणेला कापसाची शेतं संपली की एक स्टेबल होतं. लोक आपले घोडे तिथे ठेवायचे (घोड्यांचं हॉस्टेलच म्हणा ना!) आणि मालकीण डॉना लहान मुलांना रायडिंग शिकवायची. माझी मुलगी सई नऊ वर्षांची होती. दर रविवारी सकाळी तिचा लेसन असे. मराठी मंडळात लोक चिडवायचे, "काय हो, भरतनाट्यम सोडून घोडेस्वारी? लग्नात नवऱ्याऐवजी हीच घोड्यावरून येणार बघा!"

सई बसायची तो घोडा बिस्किट. डॉनाचाच, म्हातारा, फिकट पिवळसर. स्वभावाने इतका गरीब, की लगाम घालताना सईचा हात पुरावा म्हणून मान खाली करून उभा राहायचा.

त्या वर्षी दसरा नेमका रविवारी आला. वृंदा म्हणाली, "गाडीला हार घालतोस, मग बिस्किटला का नको? खरा मान त्याचाच आहे." मला कल्पना आवडली. झेंडू मेक्सिकन दुकानात मिळाला. आंब्याची पानं मात्र कुठून आणणार? आमच्या मागच्या कुंपणाला कण्हेर होती. त्या भागात सगळीकडेच असते. पानं लांबट, गर्द हिरवी. झेंडूच्या मध्येमध्ये एकेक पान घालून आदल्या दिवशी मीच हार ओवला. "अगदी आंब्याची वाटतायत रे!" वृंदा म्हणाली. मी खूश.

कण्हेर विषारी असते हे लहानपणी कधीतरी ऐकलं होतं. पण पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेला माणूस मी. पान म्हणजे शोभा, एवढंच डोक्यात.

वृंदा नैवेद्याच्या स्वयंपाकासाठी घरी थांबली. सईचा लेसन संपल्यावर मी घाई केली. डॉनाचा नियम होता, की घोडा तापलेला असला तर आधी हळूहळू फिरवून गार करायचा, मग पाणी; नाहीतर त्याला पोटशूळ होतो.

"बाबा, ही'ज स्टिल हॉट. वॉक फर्स्ट."

"आज राहू दे गं. देवाला कुठे घाम येतो! पाणी पाज, मला पूजा उरकायचीय."

तिने नाइलाजाने बादली पुढे केली. मग मी बिस्किटला कुंकू लावलं, हार घातला, फोटो काढले. डॉना दुसऱ्या मुलांना शिकवत होती, तिने रिंगणातूनच हात हलवला, "आज देव का तो? मग उद्यापासून माझं ऐकणार नाही!" मी हार काढून त्याच्या खोलीच्या कडीला अडकवला आणि आम्ही डॉनासाठी आणलेले पेढे तिच्या ऑफिसात ठेवायला गेलो.

परत आलो तर बिस्किट शांतपणे चघळत उभा. झेंडू जिथल्या तिथे होते. पानं निम्मी गायब.

"बाबा, ही एट हिज प्रसाद!" सई टाळ्या वाजवत हसली. मीही हसलो. उरलेला हार उचलून डिकीत टाकला.

संध्याकाळी डॉनाचा फोन आला. बिस्किट कोसळला होता. सई रडायला लागली म्हणून तिला घेऊनच गेलो. तो आडवा पडला होता, अंग घामाने निथळत होतं. घोड्यांचे डॉक्टर त्याच्या छातीला नळी लावून बसले होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "ठोके फार विचित्र पडतायत. ओलिअँडर खाल्लंय का याने? लांब पानांची, फुलांची झुडपं... इकडे सगळ्या कुंपणांना असतात बघा."

"माझ्या जागेत एकही झुडूप ठेवलेलं नाही," डॉना म्हणाली. "सकाळी हार होता, पण तो झेंडूचा." आणि तिने माझ्याकडे बघितलं.

ओलिअँडर म्हणजे आपली कण्हेर. हार माझ्या डिकीत होता. ग्रीन कार्डचा अर्ज अडकलेला होता. केस झाली तर? नोकरी गेली तर? हे सगळं एका श्वासात डोक्यात येऊन गेलं.

"हो," मी म्हणालो. "फक्त झेंडू."

तेवढ्यात सई बारीक आवाजात म्हणाली, "आय गेव्ह हिम वॉटर. ही वॉज हॉट." डॉनाने तिला नुसतं जवळ घेतलं. तिचा समज मी तसाच राहू दिला.

उजाडायच्या आत बिस्किट गेला. पोटशूळ, असं ठरलं. घरी जाताना वाटेतल्या एका दुकानामागच्या कचरापेटीत मी तो हार फेकला होता.

पुढच्या रविवारी सईचं हेल्मेट आणायला मी एकटा गेलो. भर दुपार, लख्ख ऊन. बिस्किटची खोली धुऊन रिकामी केलेली. खुंटीवरून हेल्मेट काढलं आणि मागून आवाज आला. चघळण्याचा. संथ, ओलसर, एका लयीत... वळून बघितलं. खोलीत कुणी नाही. आवाज मात्र तिथूनच. मग लक्षात आलं, की ओळीतल्या सगळ्या घोड्यांनी माना बाहेर काढल्यात. सगळ्यांचे कान मागे पडलेले, आणि एकूण एक माझ्याकडे बघतायत.

तेव्हाच मानेवर ऊन, दमट श्वास आला. अगदी टेकून. खांद्याला काहीतरी ओलं लागलं. मी हात नेला. लाळेने भिजलेलं एक लांबट पान. त्यातून ओवलेला माझा पांढरा दोरा लोंबत होता.

मी पळालो. घरी येऊन कण्हेर मुळासकट उपटली. वृंदाला सांगितलं, ॲलर्जी आहे.

पुढच्या वर्षी आम्ही मॅसॅच्युसेट्सला, श्रूजबरीत आलो. तिसऱ्या मजल्यावरचं अपार्टमेंट. दसऱ्याला वृंदाने भारतातून आणलेलं प्लॅस्टिकचं तोरण दारावर आतल्या बाजूने लावलं. दुपारी बघतो तर खालची सगळी पानं चावलेली. ओली. त्यावर रुंद, सपाट दातांच्या खुणा. आणि प्लॅस्टिकची फुलं शाबूत! "निकृष्ट माल यार," म्हणून वृंदाने ते फेकून दिलं. तेव्हापासून दर दसऱ्याला तो आवाज येतो. मी टीव्ही मोठा करतो. भिंतीतले पाइप वाजत होते का, उंदीर होते का, माझं डोकं फिरलंय का, सगळी कारणं तपासून झाली. एकही बसत नाही.

त्या रविवारनंतर सई कधी घोड्यावर बसली नाही. आता चौदा वर्षांची आहे. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला पाणी ठेवतानाही आधी त्याच्या छातीला हात लावून बघते. आणि या दसऱ्याला, आम्ही जेवत असताना तिने चमचा खाली ठेवला. मान वळवली.

"बाबा, डू यू हिअर दॅट? समबडी'ज च्यूइंग." मग हळूच, "इट्स हिम, राइट? ही'ज मॅड ॲट मी."

वृंदा म्हणाली, "काय गं, कुठे काय?" वृंदाला ऐकू येत नव्हतं. मला येत होतं. मी म्हणालो, "काही नाही बाळा, जेव."

पाच वर्षं तो माझ्यामागे होता, ते मी सोसलं. आता तो तिच्या खुर्चीमागे का उभा राहतो, ते मला कळत नाही. चूक तर माझी.

सईला मराठी वाचता येत नाही. म्हणून तर हे इथे लिहिण्याचं धाडस झालं. तिला, तिला कळेल अशा भाषेत, समोर बसवून एक वाक्य सांगायचं राहिलंय: बिस्किट तुझ्या पाण्याने मेला नाही, माझ्या हाराने मेला.

ते मी अजून सांगितलेलं नाही.